संकटात हात थरथरतात, पोटात कळ येते, कुणी थेट कोसळतं: पत्रकात नेमकं काय लिहावं?

ओढ्याकाठचा

पुण्यात सहकारनगर भागातल्या एका सोसायटीच्या आपत्कालीन गटासाठी दोन पानी पत्रक करायचं आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरानंतर इकडे अशा पत्रकाचं महत्त्व कुणाला पटवावं लागत नाही. दोर, टॉर्च, मेन स्विच, गॅसचा कॉक, गच्चीची किल्ली हे सगळं लिहून झालं आहे. राहिलं आहे ते माणसाच्या शरीराचं. प्रश्न असे:

१) प्रसंग टळून तास झाला तरी हात का थरथरत राहतात?
२) तोंडाला कोरड पडते आणि त्याच वेळी संडासची घाई होते. ही उलटसुलट गोष्ट एकदम कशी?
३) एकाची छाती धडधडते, दुसरा पांढराफटक पडून कोसळतो. भीती एकच, मग असं का?
४) स्वयंसेवकाने पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं? सध्या आमच्याकडे "मोठे मोठे श्वास घे", साखरपाणी आणि चहा यावर भागतं.

गटातल्या एका काकांचं म्हणणं, आपोआप चालणाऱ्या (स्वायत्त) मज्जासंस्थेच्या दोन शाखांपैकी सिम्पथेटिक म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, पॅरासिम्पथेटिक म्हणजे ब्रेक, एवढं लिहिलं की झालं. खरंच झालं का?

नाडी_७२

काकांची उपमा ठेवा, पण क्रम सुधारा. लोकांना वाटतं संकट आलं की आधी अ‍ॅक्सिलरेटर दाबला जातो. प्रत्यक्षात आधी ब्रेकवरचा पाय निघतो.

हृदयाला स्वतःचा वेग असतो. मज्जातंतूंचा कुठलाच हुकूम नसेल तर तरुण माणसाचा सायनस नोड, म्हणजे हृदयातली ठोका सुरू करणारी जागा, मिनिटाला साधारण १०० ठोके देतो. प्रत्यारोपण केलेलं हृदय माणूस स्वस्थ पडला असतानाही ९०-१०० च्या घरात चालतं ते याचमुळे. त्याच्या तारा तुटलेल्या असतात. एरवी नाडी ७० असते कारण व्हेगस नर्व्ह, म्हणजे पॅरासिम्पथेटिकची हृदयाकडे जाणारी तार, रात्रंदिवस लगाम ओढून धरते. संरक्षक भिंत पडल्याचा आवाज आला की पहिल्या सेकंदात लगाम सैल होतो, बस्स. ७० चे ९० व्हायला अ‍ॅड्रिनलिनचा थेंबही लागत नाही.

मग सिम्पथेटिक, म्हणजे पाठ्यपुस्तकातली अनुकंपी मज्जासंस्था जागी होते. ती व्हेगसपेक्षा संथ आहे आणि त्याचं कारण रसायनात आहे. व्हेगसच्या टोकाला सुटणारं अ‍ॅसिटिलकोलीन हृदयाच्या पेशीतली पोटॅशियमची दारं जवळपास लगेच उघडतं, परिणाम पुढच्या ठोक्यात दिसतो. सिम्पथेटिकच्या टोकाचं नॉरअ‍ॅड्रिनलिन पेशीच्या आत एकामागून एक रसायनं हलवतं, त्यामुळे पूर्ण जोर यायला वीस-तीस सेकंद जातात आणि उतरतानाही ते रेंगाळतं.

त्यापुढे मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी. त्यांच्या गाभ्यातून अ‍ॅड्रिनलिन थेट रक्तात येतं. रक्तातलं निम्मं दोन-तीन मिनिटांत नाहीसं होतं. त्याच ग्रंथीच्या सालीतून कॉर्टिसॉल येतं, पण ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमस, पिट्युटरी असा द्राविडी प्राणायाम करून. त्याचा उच्चांक वीस-तीस मिनिटांनी, आणि निम्मं व्हायला तास-दीड तास.

आता पहिला प्रश्न हिशेबाने सुटतो. थरथर अ‍ॅड्रिनलिनची असते, स्नायूंवरच्या बीटा रिसेप्टरमुळे, म्हणजे ते पकडणाऱ्या जागांमुळे. ते एकदाच सुटलं असेल तर पंधरा-वीस मिनिटांत थरथर ओसरायला हवी. तासाभराने थरथर चालू असेल तर ते जुनं अ‍ॅड्रिनलिन नव्हे, ताजं सुटतंय. कशामुळे ते शोधा. बहुतेक वेळा फोन. बहिणीला एकदा, भावाला एकदा, साडूला एकदा, दरवेळी हकीकत पहिल्यापासून, आणि मधे कुणीतरी पाण्याचा व्हिडिओ पाठवतो. दुसरं कारण ओले कपडे: थंडी हाही सिम्पथेटिकला तितकाच जोरदार हुकूम आहे, शिवाय कुडकुडणं वेगळं. तिसरं, रिकामं पोट आणि त्यावर चहा.

म्हणून पत्रकातली पहिली कामं श्वासाची नकोत. कोरडे कपडे, पांघरूण, आणि फोन घ्यायला घरातला दुसरा माणूस. "नक्की काय झालं, नीट सांग" असं त्याला बसवून विचारू नका. सगळ्यांना एकत्र बसवून अनुभव वदवून घेण्याची एकदाच होणारी बैठक पूर्वी चांगली मानत. अभ्यासांत तिचा फायदा दिसला नाही, काहींना त्रासच वाढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत सूत्र आहे ते पाहा, ऐका, जोडून द्या. तो आपणहून बोलला तर ऐकायचं, उकरायचं नाही.

दुसरा प्रश्न. लाळेच्या ग्रंथींना पातळ, भरपूर लाळ सोडायला पॅरासिम्पथेटिक लागते. ती मागे हटते, उरते ती थोडी घट्ट लाळ, आणि माणूस तोंडाने श्वास घेऊन तीही वाळवतो. पोटाचं मात्र एकसारखं नसतं. ताणात हायपोथॅलॅमसमधला सीआरएफ हा रासायनिक संदेश जठराची हालचाल मंदावतो आणि मोठ्या आतड्याची वाढवतो. वर रस्ता बंद, खाली धावपळ. त्यामुळे मळमळ आणि घाई एकाच माणसाला एकाच वेळी होते. यातूनच काकांच्या उपमेतली दुसरी अडचण दिसते: शरीरभर एकच ब्रेक आणि एकच अ‍ॅक्सिलरेटर नसतो, अवयवागणिक वेगळा असतो.

घामाचं तर अजूनच गंमतशीर. घामाच्या ग्रंथींची तार सिम्पथेटिकची, पण टोकाला रसायन पॅरासिम्पथेटिकचं, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. हा अपवाद परीक्षेपुरता वाटतो, पण मधुमेहींच्या बाबतीत फार कामाला येतो. त्यावर इथलं दुसरं कुणी लिहील.

पाय_वर_करा

तिसरा प्रश्न घेतो, कारण या बाबतीत मदत करणारेच सर्वात जास्त नुकसान करतात.

रक्त पाहिलं, सुई टोचली, बराच वेळ गर्दीत उकाड्यात उभं राहिलं की काहींच्या शरीरात दोन टप्पे होतात. आधी नाडी चढते. मग एकदम उलटं: व्हेगस जोरात लगाम खेचते, नाडी ४० वर येऊ शकते, आणि त्याच क्षणी पायांच्या रक्तवाहिन्या आवळून धरणारी सिम्पथेटिक हात सोडून देते. रक्त पायात उतरतं, मेंदूला पोचत नाही. याला व्हेसोव्हेगल मूर्च्छा म्हणतात. आधी सूचना मिळते: जांभई, कानात गुंई, समोर अंधारी, वरच्या ओठावर घाम, चेहरा कागदासारखा.

अशा माणसाला आपल्याकडे चौघं मिळून खुर्चीवर बसवतात. लिफ्टमध्ये किंवा जिन्यात तर काखेत हात घालून उभं धरतात. हे करू नका. कोसळणं हीच शरीराची सोय आहे. आडवं झालं की रक्त आपोआप डोक्याकडे येतं. उभं धरून ठेवलं की मेंदूला रक्त आणखी वेळ मिळत नाही, हातपाय झटके देऊ लागतात, आणि मग "फिट आली" म्हणून कांदा, चप्पल, दातात चमचा हा कार्यक्रम सुरू होतो.

करायचं असं: जमिनीवर आडवं, पाय बादलीएवढ्या उंचीवर, गळ्याजवळचं बटण सैल. गर्भवती असेल तर डाव्या कुशीवर. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी नाही. बहुतेक जण मिनिटाच्या आत डोळे उघडतात. उघडले म्हणून लगेच उभं करू नका. दहा मिनिटं आडवं, मग पाच मिनिटं बसून, मग उभं. दुसऱ्यांदा पडणं बहुतेक याच घाईत होतं, आणि डोकं तेव्हा फुटतं.

सूचना मिळाली आणि आडवं व्हायला जागाच नाही, तर पायावर पाय टाकून मांड्या, नितंब आणि पोट कडक आवळायचं, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायची. दहा-पंधरा सेकंद आवळा, वीस-तीस सेकंद सोडा, पाच वेळा. चेहरा गरम वाटला की दाब वर आला. ज्यांना रक्ताची भीती आहे त्यांना "अंग सैल सोडा" सांगणं उलटं पडतं. दाब आधीच पडतोय, तो आणखी पडेल.

आणखी एक प्रकार असतो, गोठणारा. पडत नाही, बोलत नाही, गुडघाभर पाण्यात दाराची कडी धरून उभा. त्याला ओरडून समजावू नका. समोर या, नाव घ्या, एका वेळी एकच काम सांगा: "कडी सोडा." सोडली की, "माझा खांदा धरा." मग, "पायरी."

मूर्च्छा जिने चढताना किंवा धावताना आली, आडवं असताना आली, आधी छातीत दुखलं, किंवा एक-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, तर वरचं काही लागू नाही. १०८.

सहा_श्वास

"मोठे मोठे श्वास घे" हे पत्रकातून आजच काढा.

घाबरलेला माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त हवा आतबाहेर करत असतो. त्यात मोठे श्वास म्हणजे आगीत तेल. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब एरवी ३५ ते ४५ मिलिमीटरच्या दरम्यान असतो; तो खाली गेला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून डोकं हलकं होतं. रक्त अल्कधर्मी होतं, त्यातलं सुटं कॅल्शियम प्रथिनांना चिकटतं, म्हणून ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. पुढे गेलं तर हाताला ठरावीक आकार येतो: मनगट वाकलेलं, बोटं सरळ आणि एकमेकांना चिकटलेली, अंगठा आत. हे पाहून घरचे घाबरतात, ते पाहून तो अजून घाबरतो. ऑक्सिजन कमी पडत असतो असं नाही. त्या क्षणी त्याला गुदमरल्यासारखं वाटतं हे मात्र अगदी खरं, म्हणून "काही झालेलं नाही तुला" हे वाक्यही नको.

सांगायचं ते: "तोंड मिट. नाकाने थोडाच श्वास घे. आता सावकाश सोड." चार अंक मोजून आत, सहा मोजून बाहेर. मोजणी तुम्ही करा, त्याला मोजायला लावू नका. एक श्वास दहा सेकंदांचा, मिनिटाला सहा. पहिल्या मिनिटात त्याला जमणार नाही. दोन आत, तीन बाहेर इथून सुरू करा. पाच मिनिटं तरी चालू द्या.

सहाच का? श्वास आत घेताना व्हेगसचा लगाम सैल होतो, सोडताना आवळतो. मनगटावर बोटं ठेवून सावकाश श्वास सोडा, ठोके लांब होत गेलेले हाताला कळतात. शिवाय मानेतल्या आणि छातीतल्या रक्तवाहिन्यांत रक्तदाब मोजणारे सेन्सर आहेत. दाब वाढला, हृदयाला कळवलं, ठोका मंदावला, दाब उतरला, या फेरीला साधारण दहा सेकंद लागतात. श्वासही दहा सेकंदांचा केला की झोका योग्य वेळी ढकलल्यासारखं होतं. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांनी लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ आणि 'ओम मणि पद्मे हुम' हा मंत्र म्हणणाऱ्यांचे श्वास मोजले. दोन्हींत ते मिनिटाला सहाच्या आसपास आले. आपल्याकडे लोणावळ्याला कैवल्यधामात तर १९२४ पासून श्वसनक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी होत आली आहे. काय म्हणता याला महत्त्व नाही, घड्याळात दहा सेकंद भरतात का ते पाहा.

नको त्या गोष्टी: कागदी पिशवीत श्वास नको, कारण दमा, हार्ट अ‍ॅटॅक आणि फुप्फुसातली गुठळी बाहेरून अशीच दिसू शकते आणि पिशवीने ऑक्सिजन खरोखर कमी होतो. कपालभाती, भस्त्रिका त्या वेळी नको. श्वास रोखणं रक्तदाबवाल्यांना आणि गर्भवतींना नको. मानेवरची शीर चोळणं कुणालाच नको. गार पाण्यात तोंड बुडवायचा सल्ला हल्ली फिरतो. त्याने नाडी उतरते हे बरोबर, पण त्याच वेळी रक्तवाहिन्या आवळून दाब वाढतो, त्यामुळे हृदयरोग्यांवर ते करू नका.

गोड_कमी

साखरपाणी आणि चहाबद्दल.

ताणात यकृत स्वतःच साठवलेली साखर रक्तात सोडतं. धडधाकट माणसाला साखरपाण्याची गरज नसते. जठर मंदावलेलं असताना पेलाभर गोड पाणी पाजलं तर उलटी होते, आणि त्याला हाड मोडून ऑपरेशनला न्यायचं असेल तर भूल देणाऱ्यांना पोट रिकामं हवं असतं. चहाचंही तेच. अमृततुल्यचा चहा या शहरात औषधासारखा देतात, पण त्यातल्या कॅफिनचं निम्मं उतरायला पाचेक तास लागतात. ज्याला मार लागला आहे त्याला घोटभरही नको; बाकीच्यांना साधं पाणी, थोडं थोडं.

अपवाद मधुमेही, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे. जेवणाची वेळ टळली, जिने चढले, पाणी उपसलं, की साखर उतरते. साखर उतरल्याची आणि भीतीची लक्षणं जवळपास सारखी: थरथर, धडधड, घाम. ग्लुकोमीटर असेल तर मोजा, ७० च्या खाली असेल, किंवा मोजायची सोयच नसेल आणि माणूस शुद्धीत गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही नाही.

नाडी_७२ यांनी घामाचा अपवाद सांगितला तो इथे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर (बीटा रिसेप्टर अडवणाऱ्या गोळ्या) घेणाऱ्या माणसाची साखर उतरली तर धडधड आणि थरथर औषधाने झाकली जाते. घाम झाकला जात नाही, कारण त्याचं रसायन वेगळं. म्हणून अशा मधुमेह्याचा हात स्थिर, नाडी शांत, पण कपाळ ओलं आणि बोलणं तुटक असेल तर "शांत आहे" असं समजू नका.

दुसरं: जुन्या मधुमेहात या स्वायत्त तारा स्वतःच झिजतात. छातीत न दुखताही हार्ट अ‍ॅटॅक येऊ शकतो. नुसता दम, घाम, उलटी. सगळं ताणावर ढकलणं महागात पडतं. १७ जानेवारी १९९४ च्या पहाटे लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला, त्या दिवशी तिथे हृदय अचानक बंद पडून २४ मृत्यू नोंदले गेले. आधीच्या आठवड्यातली रोजची सरासरी ४.६ होती. धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुग्यासारखा होण्याचा एक आजारही आहे, जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये त्याला ऑक्टोपस पकडायच्या मडक्यावरून ताकोत्सुबो नाव दिलं. पाळी गेलेल्या स्त्रियांत जास्त. ईसीजी हार्ट अ‍ॅटॅकसारखाच, त्यामुळे घरात बसून फरक ओळखता येत नाही. छातीत दाब पंधरा मिनिटं टिकला की वाट पाहू नका, असं लिहायला जाल तर तेही चुकेल. पाच मिनिटांतच १०८.

ओढ्याकाठचा

सगळ्यांचे आभार, पत्रकाची अर्धी पानं खोडली. एक उपप्रश्न. गटातली दोन-तीन तरुण मंडळी हातातल्या घड्याळातला 'स्ट्रेस स्कोअर' बघून कोणाला विश्रांती द्यायची ते ठरवू म्हणतात. चालेल?

सहा_श्वास

नाही चालणार. घड्याळ हिरव्या प्रकाशाने मनगटातल्या रक्ताची ये-जा मोजतं आणि दोन ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार काढतं. हात हलला, गार पडला, ओला झाला की आकडा बिघडतो, आणि पुराच्या वेळी हे तिन्ही होणारच. चढउतार वयाबरोबर कमी होतो, जागरण, ताप, दारू, जड जेवण यांनीही. २५ वर्षांच्या मुलाचा आकडा ६० वर्षांच्या काकूंच्या आकड्याशी ताडून काही कळत नाही. वापरायचाच तर एरवी, रोज सकाळी उठल्यावर, चहाआधी, बसून, आणि स्वतःच्याच मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून.

विश्रांती कुणाला द्यायची ते आकड्याने नको, पाळीने ठरवा. दोन तास काम, अर्धा तास कोरड्या जागी, वाद न घालता.

पाय_वर_करा

घड्याळापेक्षा साधा रक्तदाबाचा पट्टा घ्या. प्रसंगानंतर कुणाला दोन-तीन दिवस उठलं की चक्कर येत असेल तर पाच मिनिटं आडवं झोपवून मोजा, मग उभं राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर डॉक्टरांकडे, सोबत चालू गोळ्यांची यादी. पाणी कमी पडणं हे सर्वात साधं कारण असतं. जुलाब आणि लेप्टोस्पायरोसिस (दूषित पाण्यातून होणारा ताप) हेही पुरानंतर डोक्यात ठेवा.

नाडी_७२

झोपेचं एक राहिलं. रात्री रक्तदाब दिवसाच्या १० ते २० टक्के खाली यायला हवा, ती पॅरासिम्पथेटिकची वेळ. आवाजाने माणूस जागा होत नसला तरी नाडी आणि दाब उडी घेतात, आणि सवयीने जाग येणं कमी झालं तरी ही उडी फारशी कमी होत नाही. त्यामुळे पाणी उपसायचे पंप रात्री आळीपाळीने चालवणार असाल तर झोपायची खोली त्यांच्यापासून सर्वात लांबची ठेवा. तीन-चार आठवडे उलटूनही झोप, दचकणं, धडधड तशीच राहिली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पत्रकात टाका, तिथे मराठीत बोलता येतं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही एकदा तपासायला सांगा, धडधड त्यानेही होते.

आणि पत्रकाच्या मथळ्यावर "घाबरू नका" असेल तर त्या जागी कोरडे टॉवेल कुठल्या मजल्यावर आहेत ते लिहा.

ओढ्याकाठचा

होतं, तेच होतं मथळ्यावर. टॉवेल दुसऱ्या मजल्यावर, मीटर रूमच्या विरुद्ध टोकाला. बदलतो.